दोन लपवलेल्या विकेटा

ये गं, कागदावरच का होईना, अशी जवळ ये. आणखी थोडी सरक. आधी रागावून घेते, मग काय माया करायची ती करीन. परवा फोनवर काय म्हणालीस तू मला? "आजी, सहा गडी बाद झाले, मग मी टीव्ही बंदच केला. हरणारच होते." असं बंद करतात होय? तुझ्या पणजोबांनी हे ऐकलं असतं, तर आठ दिवस तुझ्याशी बोलले नसते. मी तोंडानं सांगायला लागले की तू "हो आजी, हो आजी" करतेस आणि तिकडं मोबाइल बघतेस, म्हणून हे लिहून तुला पुण्याला पाठवते आहे. मला असलं लिहायला कुणी शिकवलेलं नाही. बोलते तशीच लिहिते. शुद्धलेखन तपासायचं नाही, गुमान वाचायचं.

ही गोष्ट साठ सालानंतरची, चीनची आणि पाकिस्तानची अशा दोन्ही लढाया होऊन गेल्या होत्या तेव्हाची. आपली टीम तेव्हा हरायची. घरात कधीमधी जिंकायची, पण परदेशात गेली की हरून यायची. त्यात कुणाला काही वाटायचंही नाही. पावसाळ्यात कृष्णेला पाणी वाढतं, तसंच ते, आपली टीम बाहेर जाते आणि हरते. असल्या टीमच्या नादाला मी कशी लागले, ते ऐक.

लग्न होऊन मी कराडपासून सहा मैलांवरच्या गावात आले. तुझे आजोबा फौजेत, वर्षाला एक महिना घरी. घरात मी, माझ्या सासूबाई आणि सासरे. आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणायचं आणि सासऱ्याला, म्हणजे तुझ्या पणजोबांना, मामंजी. मामंजी तोफखान्यातले, हवालदार होऊन पेन्शनीत आलेले. तोफांनी त्यांचे दोन्ही कान नेले होते. शेजारी ढोल वाजला तर त्यांना तो पोटात कळायचा, कानात नाही. आणि मी त्यांच्याशी बोलत नव्हते. रुसून नव्हे गं. रीतच तशी होती. सुनेनं सासऱ्यापुढं जायचं नाही, बोलायचं नाही, त्यांच्या बाजेवर बसायचं नाही. मामंजींना पाणी हवं असलं तर ते भिंतीकडं बघून म्हणायचे, "आत कोन असंल तर पाणी द्या म्हनावं." आत मीच असायची. मी तांब्या उंबऱ्यावर ठेवायची आणि मागं सरायची. लग्नाला तीन वर्षं झाली, तरी माझा आवाज त्यांनी ऐकला नव्हता. तसा तो त्यांना ऐकूही आला नसता म्हणा.

आता बहिऱ्या माणसाला रेडिओचं वेड असावं, हे तुला खरं वाटणार नाही. तुझ्या आजोबांनी फौजेच्या कँटीनमधून एक ट्रान्झिस्टर आणला होता. तो सोप्यातल्या, म्हणजे बाहेरच्या ओसरीतल्या, देवळीत ठेवलेला असायचा. मामंजी पलटणीत असताना त्यांची नेमणूक कितीतरी दिवस साहेबलोकांच्या क्रिकेटच्या मैदानावर होती. फळ्यावर पत्र्याचे आकडे अडकवायचं काम. एवढ्या धावा, एवढे गडी. त्यामुळं खेळ त्यांना पुरता कळायचा आणि गावात दुसऱ्या कुणाला काहीही कळायचं नाही. थंडीच्या दिवसांत सकाळी सकाळी ते ऑस्ट्रेलियाचं स्टेशन लावायचे. आवाज यायचा, जायचा, मधेच चिमणीसारखी शिट्टी वाजायची. मामंजी रेडिओवर तळहात ठेवून बसायचे. मैदानातली माणसं ओरडली की ते त्यांना हाताला कळायचं. पण ओरडली ती चौकार म्हणून की आपला माणूस बाद झाला म्हणून, ते काही हाताला कळत नाही.

मग ते आत्याबाईंना हाक मारायचे, काय म्हणतोय तो विचारायचे. आत्याबाई रेडिओपुढं कमरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, इंग्रजीत कुणाशी तरी भांडतोय. एकदा मी चुलीपाशी बसून त्यांना आतून सांगितलं, आत्याबाई, गडी बाद झाला म्हणावं. त्यांनी बाहेर जाऊन मामंजींच्या कानात ओरडून विचारलं, "कोन गेलं वो? म्हातारं हुतं का?"

पण मला कसं कळलं, तेही सांगते. तुझ्या आजोबांना पत्र घालायचं तर पत्त्यावर इंग्रजी आकड्यांची ही लांबलचक माळ लागायची. ती चुकली की पत्र भलत्या पलटणीला. म्हणून एका सुट्टीत त्यांनी मला शंभरपर्यंत इंग्रजी आकडे बोलायला आणि लिहायला शिकवले होते. रेडिओवरचं बाकी सगळं माझ्या डोक्यावरून जायचं, पण आकडे मला धरता यायचे. आणि माझ्याजवळ पाटी होती, कारण मी सातवीच्या फायनलचा अभ्यास करत होते.

हे फायनलचं नीट समजून घे, पुढचं सगळं त्यावरच आहे. मी शाळेत चौथीपर्यंत गेलेली. पुढची पुस्तकं मागून आणून घरी वाचलेली. तेव्हा सातवीची फायनल पास झालेल्या बाईला शाळेत मास्तरीण म्हणून घ्यायचे. आमच्या शाळेत मुली यायच्या आणि दुसरीनंतर गळायच्या, कारण शिकवायला बाई नाही. हेडमास्तरांनी घरी येऊन सांगितलं होतं, सून हुशार आहे, बसू द्या परीक्षेला. बसले. गणितात नापास. पुढच्या वर्षी परत बसले. परत गणितातच. नदीवर धुणं धुताना बायका विचारायच्या, "काय गं, औंदा बी गणितच का?" आणि हसायच्या. मामंजी काही म्हणाले नव्हते. तिसऱ्या वर्षीचा फॉर्म भरायचा होता आणि नवरा लांब असल्यामुळं त्यावर सासऱ्याची सही लागणार होती. एवढंच माझ्या डोक्यात होतं. बाकी ती टीम हरली काय, जिंकली काय, मला काय त्याचं.

तर आत्याबाईंनी त्या निरोप्याच्या कामाला कंटाळून एक दिवस माझी पाटीच मामंजींच्या पुढ्यात ठेवली. त्या दिवसापासून आमचं सुरू झालं. मी माजघरात भाकरी थापत ऐकायची, पाटीवर वर धावा आणि खाली गडी लिहायची, आणि उंबऱ्यावरून पाटी बाहेर सरकवायची. मामंजी बघायचे, तळहातानं पुसायचे, परत आत सरकवायचे. हळूहळू ते पाटीवर मलाच विचारायला लागले. किती पायजेत? मी वजाबाकी करून लिहायची. चुकली तर पाटी फुलीसकट परत यायची. एवढी वजाबाकी मी दोन वर्षांच्या अभ्यासात केली नव्हती. बोलणं मात्र एका अक्षराचं नाही.

त्या वर्षी आपली टीम ऑस्ट्रेलियाला गेली होती. पहिला सामना हरले. दुसरा तर फारच वाईट हरले. संध्याकाळी मामंजी मारुतीच्या पारावर जाऊन बसायचे, तिथं लोक त्यांना घेरायचे. हवालदार, तुमची पलटण आज बी आडवी झाली का? आत्याबाई हे मला घरात येऊन सांगायच्या. आणि ऐकता ऐकता माझ्या कानात ते नदीवरचं हसणं वाजायला लागलं. अगदी तोच सूर गं. त्या अकरा जणांतला एकही मी कधी बघितलेला नव्हता. नावंसुद्धा मला धड म्हणता येत नव्हती. पण मनात म्हटलं, ज्याला हसायचं त्यानं हसावं, मी यांच्या बाजूनं. दुसऱ्या दिवसापासून मी आकडे ऐकायचं सोडून टीम ऐकायला लागले. आपला गडी बाद झाला की भाकरीला भोक पडायचं.

आणखी एक रीत सांगायची राहिली. आमचं गाव फौजी. घरटी एक माणूस तरी सरहद्दीवर. लढाईच्या दिवसांत तार यायची. आमचा पोस्टमन तार घेऊन दारात आला की आधी विचारायचा, जेवणं झाली का? झाली नसली तर "मग येतो" म्हणून पुढच्या आळीला निघून जायचा आणि तासाभरानं परत यायचा. कारण वाईट बातमी आली की त्या घरात चूल पेटत नाही. दोन-दोन दिवस कुणाच्या पोटात काही जात नाही. म्हणून आधी माणसाला जेवू द्यायचं, मग सांगायचं. हे गावातल्या पोरासोरांना ठाऊक होतं. आमच्या अंगातच मुरलं होतं ते.

तिसरा सामना चालला होता. शेवटच्या डावात आपल्याला जवळजवळ चारशे करायच्या होत्या. कोण करतंय. पण ते करत होते. शेवटच्या दिवशी आत्याबाई कराडला बाजाराला गेल्या होत्या. घरात आम्ही दोघंच, मधे भिंत. तीनशे झाल्या आणि पाचच गडी बाद होते. मामंजींनी पाटीवर एवढं मोठं "शाब्बास" लिहून पाठवलं. मी ते पुसलं नाही, त्याच्या खालीच पुढच्या धावा लिहिल्या. जेवणाची वेळ झाली म्हणून मी ताट उंबऱ्यावर ठेवलं. घेवड्याची आमटी, खरडा आणि भाकरी. त्यांनी पहिला घास घेतला आणि तिकडं सहावा गडी गेला. मी पाटी उचलली. बघते तर ते इतक्या आनंदानं जेवत होते. मला वाटलं, एवढी भाकरी होऊ दे. तेवढ्यात सातवा गेला. मामंजींनी जेवताजेवता हात हलवून विचारलं, किती? मी धावा बरोबर लिहिल्या आणि गडी लिहिले पाच.

जेवून हात धुतील, मग सात लिहिते, असा माझा हिशेब. पण त्यांनी पाटी बघितली, ताटातच हात धुतला, पटका गुंडाळला, काठी घेतली आणि निघाले. मी पाटीवर सात लिहून उंबऱ्यापर्यंत धावत आले तोवर ते आळीच्या टोकाला गेले होते. आता काय करू सांग. हाक मारायची रीत नाही. मारली तरी त्यांना ऐकू येणार नाही. सुनेनं भर दुपारी पारावर पळत जायचं तर सोयच नाही. उंबऱ्यावर पाटी धरून मी नुसती उभी राहिले. मागं देवळीत रेडिओ बोलत होता. आठवा गेला, नववा गेला. चाळीसभर धावा राहिल्या असताना शेवटचा गेला. ते मी एकटीनं ऐकलं.

पारावर काय झालं, ते पुढं सगळ्या गावानं मला दहा वेळा सांगितलं. मामंजींनी तिथं जाऊन छाती काढून सांगितलं की पाच गडी शिल्लक आहेत, आज जिंकतोय, संध्याकाळी साखर वाटतो. चार-पाच जण साखरेच्या आशेनं बसूनही राहिले. मग शाळेतल्या मास्तरांच्या रेडिओवरून बातमी आली की सामना केव्हाच संपला, हरलो. माणसं पोट धरून हसली. एक जण म्हणाला, हवालदारांच्या रेडिओत हिंदुस्थान जिंकतोय, आपल्याच रेडिओत हरतोय.

ते घरी आले तेव्हा आत्याबाई नुकत्याच बाजारातून आल्या होत्या, पिशवी अजून काखेतच होती. मामंजींनी आधी रेडिओतले सेल काढले, ट्रंकेत टाकले आणि कुलूप लावलं. मग नेहमीसारखे भिंतीकडं बघून बोलले.

"खोटं लिवनाऱ्या हातानं परीक्षा द्यायची न्हाई म्हनावं. तिसऱ्यांदा नापास व्हायला म्या सई करनार न्हाई. ज्येला जमत न्हाई त्येनं उतरूच ने."

फॉर्म द्यायची मुदत त्याच आठवड्यात संपत होती. आत्याबाईंनी माझ्याकडं बघून मान हलवली, म्हणजे गप्प राहा. मी गप्पच राहणार होते गं. खोटं तर लिहिलंच होतं. पण ते शेवटचं वाक्य मला गिळता येईना. डोक्यावरचा पदर घट्ट केला आणि उंबरा ओलांडून मी सोप्यात, त्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले.

"मामंजी," मी म्हटलं, "गडी म्या लपवलं. चुकलं माजं."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. तीन वर्षांत पहिल्यांदा. मग आत्याबाईंना विचारलं, "काय म्हंती?"

ऐकूच आलं नव्हतं. इतकं बळ एकवटून बोलले आणि ते वाया. मग मात्र मी जेवढा होता नव्हता तेवढा आवाज काढला. समोरच्या घरातली माणसं दारात आली, विहिरीवर घागर ओढणारी बाई घागर अर्ध्यात सोडून उभी राहिली.

"चुकलं म्हनते, मामंजी! पर पयला सामना हरलं, दुसरा हरलं, तवा त्यास्नी उतरू नका म्हनालासा का? न्हाई. सेल संपलं तर कराडला चालत जाऊन आनलासा. मग मलाच का? नापास झाले तर म्या हुईन. खेळायचं न्हाई असं कोन म्हनतंय?"

आत्याबाईंनी पिशवी खाली ठेवली. सुनेनं सासऱ्यावर आवाज चढवला, असं त्या गावात कुणी बघितलं नव्हतं, आणि मी हळू बोलले असते तर त्याचा उपयोग नव्हता. मी मागं सरले नाही. सरले असते तर परत कधी पुढं आले नसते, एवढं मला पक्कं कळत होतं.

मामंजी बाजेवर टेकले. मग त्यांनी मला विचारलं, भिंतीला नव्हे, मला.

"म्या जेवाय बसलो तवा खरं किती गडी गेलं हुतं?"

मी सात बोटं दाखवली.

"मग सात लिवायचं. सातावर बी म्या पारावर गेलो असतो. छाती काढूनच गेलो असतो. तू मला पाचावाला समजलीस व्हय?"

आणि मग त्यांनी फॉर्म मागितला. पलटणीत शिकलेली इंग्रजी सही ते एकेक अक्षर कोरत करायचे. त्या सहीला त्या दिवशी इतका वेळ लागला की समोरची माणसं कंटाळून घरात गेली. सेल मात्र त्यांनी ट्रंकेतून दुसऱ्या दिवशी बाहेर काढले. राग एकदम कसा जाणार.

त्यानंतर पाटीची गरज संपली. आता मी सोप्यात जाऊन त्यांच्या कानाशी ओरडायची. गावानं नावं ठेवली, ठेवू दिली. आत्याबाई म्हणायच्या, आधी एक बहिरा होता घरात, आता मी पण होणार. चौथा सामनाही आपण हरलो. चारच्या चार. मी सगळे गडी मोजून, वेळच्या वेळी, एकही न लपवता सांगितले. मामंजी जेवताना ऐकायचे आणि भाकरी संपवायचे.

मग आपली टीम तिथून न्यूझीलंडला गेली, आणि जिंकली की गं. परदेशात पहिल्यांदाच मालिका जिंकली. मामंजींनी खरंच साखर वाटली. पारावर नव्हे, घरोघर फिरून, आणि जे जास्त हसले होते त्यांच्या तळहातावर जास्त. मला तर वाटलं आता आपलाही नंबर लागला. कराडच्या परीक्षेला ते माझ्याबरोबर एस.टी.नं आले. तिन्ही दिवस शाळेबाहेर चिंचेखाली बसून राहिले, येणाऱ्या-जाणाऱ्याला "आमची सून आत हाय" असं सांगत.

आणि निकाल लागला तर मी नापास. गणितात उत्तम पास, आणि भूगोलात नापास. हसू नकोस. ऑस्ट्रेलियातलं कुठलं गाव कुठं आहे ते मी झोपेत सांगितलं असतं, पण त्यांनी विचारल्या होत्या महाराष्ट्रातल्या नद्या. नदीवर बायकांनी विचारलंच, आता काय भूगोल का? पहिल्या वेळी मी हे ऐकून रडले होते. या वेळी मी धुणं आपटत सांगितलं, होय, भूगोल, आणि पुढच्या वर्षी परत. कुणी हसलं नाही असं नाही, पण मी माझं धुणं पूर्ण करूनच उठले. पारावर मामंजींना कुणीतरी छेडलं, तर ते म्हणाले म्हणे, "चार हरून पाचव्याला जिंकत्यात मानसं. तिचं अजून तीनच झाल्यात."

चौथ्या वेळी पास झाले. तोवर आमच्या शाळेतली जागा भरून गेली होती. मला जागा मिळाली ती सांगली जिल्ह्यात, पार आटपाडीकडं, जिथं पाणीसुद्धा कोसावरून आणायचं आणि बदलीवर यायला कुणी तयार नसायचं. भावकीतले म्हणाले, तरण्या सुनेला तिकडं एकटीला कशाला पाठवता. मामंजींनी त्यांना ऐकू आलं नाही असं दाखवलं. तेवढा एक फायदा असतो बहिऱ्या माणसाला. आत्याबाईंना माझ्याबरोबर दिलं, स्वतः शेत बघत मागं राहिले, आणि तुझे आजोबा फौजेतून सुटून आले ते सरळ इकडंच, मग आम्ही इथलेच झालो.

पहिल्या वर्षी माझ्या वर्गात सहा मुली होत्या. त्यातल्या चार पुढं सातवी झाल्या. एक तर दोनदा नापास होऊन झाली. तिच्या घरी जाऊन मी तिच्या बापाला काय सांगितलं असेल, ते तुला आता वेगळं सांगायला नको. तीही इथंच असते, दोन गल्ल्या पलीकडं, आता तिलाही नातवंडं आहेत. परवा विचारत होती, बाई, तुमची पुण्याची नात येते तरी कधी? मी काय सांगू तिला? या वर्षी डाळिंबानं बहर चांगला धरला आहे, फळं माझ्या हातून तोडवत नाहीत आणि गड्याला नीट तोडता येत नाहीत. परीक्षा असेल तर पुस्तकं घेऊन ये, इथं तुला कुणी त्रास देत नाही. स्वारगेटवरून थेट गाडी मिळते, नाहीतर कराडला बदलून ये. पण ये बाई, लवकर ये.